कप कोण धुणार?

सिरॅमिकच्या मगवर लोगो छापायचा असेल तर सब्लिमेशन करा, दुसरं काही बघूच नका, असं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बारा वर्षं सांगत आले. अगदी मनापासून सांगत आले. आता सांगत नाही. का सांगत नाही ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण माझ्या शब्दावर विश्वास ठेवून लोकांनी हजारो मग नेले आहेत.

आमचं दुकान इंदूरच्या खजुरी बाजारालगतच्या एका बोळात आहे. पुस्तकं, वह्या, कागद यांचा हा जुना बाजार, राजवाड्यापासून चालत पाच मिनिटांवर. सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, इथे छापखाना होता. मी लग्न होऊन आले तेव्हा ट्रेडल मशीन अजून चालू होतं आणि लग्नसराईत घरातली सगळी माणसं रात्री पत्रिकांना घडी घालत बसायची. पुढे पत्रिका मोबाइलवर गेल्या, पावतीपुस्तकं गेली. तेव्हा कर्ज काढून मी दोन हीट प्रेस घेतल्या आणि मग छापायला लागले. त्या दोन यंत्रांनी आमचं घर सावरलं, मुलांची शिक्षणं केली. सब्लिमेशनबद्दल मी जे बोलत होते त्यात हे ऋणही होतंच.

शिवाय ते काम दिसायला फार सुंदर. चित्र कागदावर आरशातल्यासारखं उलटं छापायचं, कागद मगभोवती ताणून हीट टेप लावायची आणि मग प्रेसमध्ये १८० ते २०० अंशांवर साधारण तीन मिनिटं ठेवायचा. शाईतला रंग त्या उष्णतेत पातळ न होता सरळ वाफ होतो आणि मगवरच्या पॉलिएस्टरच्या लेपात शिरतो. कागद सोलला की खालून फोटो जसाच्या तसा, सगळ्या छटांसकट वर येतो. त्या क्षणी गिऱ्हाइकाचा चेहरा उजळायचा आणि माझाही. एकच मग हवा असला तरी चालायचं. सकाळी ऑर्डर, संध्याकाळी माल. खुर्जाहून डिकलवाले, म्हणजे चित्र चिकटवून भट्टीत भाजलेले मग मागवणारे एकदोन व्यापारी होते. त्यांना पाचशे नग हवेत, महिनाभर हवा, प्रत्येक रंगाचा वेगळा स्क्रीन. ते सगळं मला अण्णांच्या खिळ्यांसारखं वाटायचं, मागच्या पिढीचं.

१ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली. आमचं शहर स्वच्छतेच्या बाबतीत आधीच हळवं, २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं येत असलेलं. कार्यालयांतून, शाळांतून टाकाऊ कप बंद करून प्रत्येकाला आपला मग द्यायची टूम निघाली आणि माझ्याकडे कामाचा ओघ सुरू झाला. शहरातल्या एका जुन्या संस्थेनं तीनशे मग मागितले. भगवं वर्तुळ, आत निळी अक्षरं. मी चार दिवसांत दिले. सचिवकाकांनी स्वतः दुकानात येऊन पेढे दिले होते.

दीड वर्षानं दुसऱ्या एका कामाचं बिल घेऊन मी तिथे गेले. काका बैठकीत होते, म्हणून चहाच्या खोलीत बसले. ओट्यावर धुतलेले मग पालथे घातलेले होते. एक उचलला. वर्तुळाचा भगवा रंग पिवळट झाला होता आणि अक्षरांतलं निम्मं गेलेलं. कानाच्या बाजूला, जिथे हात घासताना जोर लावतो, तिथे पृष्ठभाग खरखरीत लागत होता. मी नखानं टोकरलं तर बारीक पापुद्रा सुटून आला, आणि त्याच्याखाली मूळचा पांढरा ग्लेझ होता, आजच कारखान्यातून आल्यासारखा चकचकीत.

त्या चकाकीकडे मी बराच वेळ बघत राहिले. बारा वर्षं मी कपावर छापते म्हणत होते. छापत होते कपावर चढवलेल्या पातळ प्लास्टिकवर. भट्टीत भाजून दगडासारखी झालेली माती आणि तिच्यावरची काच जशीच्या तशी राहिली होती आणि मी लावलेलं तेवढं सगळं निघून गेलं होतं.

आणि तरीही, कबूल करायला हवं, माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते मावशींना दोष देणारं. कप धुणाऱ्या मावशी निमाडकडच्या, मराठी त्यांना कळतं, बोलतात हिंदी. मी विचारलं, "मावशी, हे तारेच्या घासणीनं घासता का तुम्ही?" आमच्या प्रत्येक मगच्या खोक्यात चिठ्ठी असते, मऊ स्पंजनं धुवावे अशी. मावशींनी हात न थांबवता सांगितलं, "बाई, रोज के सवा सौ कप हैं. स्पंज तो दो दिन में फट जाता है. और चाय का दाग स्पंज से जाता भी नहीं." मग माझ्या हातातल्या मगकडे बघून म्हणाल्या, "कप अच्छा है. रंग कच्चा है."

ती चिठ्ठी मावशींपर्यंत कधी पोचलीच नव्हती. खोकी कार्यालयात उघडली गेली असणार आणि चिठ्ठ्या तिथेच टोपलीत. पण पोचली असती तरी काय? ज्या बाईला दीड तासात सव्वाशे कप धुवायचे आहेत, पावडर आणि घासणी जी दिली जाईल ती वापरायची आहे, तिच्यावर मी माझ्या छपाईचं आयुष्य सोपवलं होतं आणि तिला विचारलंही नव्हतं. घरी आल्यावर मला जास्त लागलं ते दुसरंच. टाकाऊ कप नकोत म्हणून लोकांनी हे मग घेतले. दीड वर्षात ते अडगळीत जाणार असतील तर मी टाकाऊच वस्तू विकली, फक्त वजनाला जड. प्लास्टिक निदान वितळवता येतं. एकदा भाजलेली माती पुन्हा माती होत नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी दुकान सांभाळून हेच करत होते. माझे सब्लिमेशनचे मग, बाजारातून आणलेले यूव्ही छपाईचे, दोन भागांची इपॉक्सी शाई लावून दीडशे-एक अंशांवर भाजलेले स्क्रीन प्रिंटचे, सगळे ओट्यावर मांडले. धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून त्यात रात्रभर ठेवले, सकाळी तारेच्या घासणीनं मोजून हात मारले. यूव्हीची छपाई ग्लेझवर नुसती बसलेली असते. ती आधी निघाली, तुकड्यांनी. इपॉक्सीनं बराच दम धरला, पण सोड्यानं तिची चकाकी खाल्ली आणि कडा उचलल्या. सब्लिमेशनचं काय होतं ते मला आता माहीतच होतं. लेझरनं किंवा वाळूच्या माऱ्यानं ग्लेझ कोरता येतो आणि ते जात नाही, खरं आहे, पण कोरलेल्या जागी ग्लेझची गुळगुळीत काच तुटते आणि चहाचा डाग धरतो. आणि लोगोला रंग हवा असतो.

उत्तर घरातच होतं. आजेसासूबाईंच्या वेळच्या कपबश्यांपैकी एक जोड अजून कपाटात आहे, निळ्या वेलीची, काठाला सोनेरी रेघ. काठाची रेघ ओठांनी आणि बोटांनी झिजून जवळजवळ गेली आहे. वेल मात्र गडद निळी. मी डोळे मिटून तिच्यावरून नख फिरवलं. कुठे वेल सुरू होते आणि कुठे संपते ते नखाला कळतच नाही. रंग ग्लेझच्या खाली आहे. त्याच्यावर काचेचं पांघरूण आहे आणि ते घासायला कुठली घासणी पुरत नाही. सोनं मात्र ग्लेझच्या वर, शेवटी लावलेलं, म्हणून ते गेलं. एकाच कपावर दोन्ही गोष्टी सत्तर-ऐंशी वर्षं घरात होत्या.

आणि वाड्याच्या दारावरची अण्णांच्या वडिलांची नावाची पाटी. निळ्या एनॅमलवर पांढरी अक्षरं. एका कोपऱ्याला दगड लागून टवका उडालाय, तिथे लोखंड गंजून तांबडं झालंय, बाकी अक्षर न् अक्षर शाबूत. एनॅमल म्हणजे काय, तर पत्र्यावर ८०० अंशांच्या आसपास वितळवून बसवलेली काच. मला हवं होतं ते हेच. रंग काचेत मिसळलेला आणि ती काच कपाच्या काचेत मिसळलेली. डिकल म्हणजे तेच, आणि मी त्याला बारा वर्षं मागच्या पिढीचं म्हणत होते.

मग खुर्जाला गेले. उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातलं हे गाव, दिल्लीहून बसनं दोन-अडीच तासांचं. गावभर मातीची भांडी, रस्त्याकडेला कपांचे ढीग. एका कारखान्यात मी सबंध दिवस बायकांच्या शेजारी बसून राहिले. डिकलचा कागद गोंदाचा असतो. त्यावर धातूंच्या ऑक्साइडचे रंग स्क्रीननं छापलेले. त्या रंगात काचेची बारीक पूड मिसळलेली असते, तिला फ्रिट म्हणतात. वरून लॅकरचा थर. कागद पाण्यात टाकला की अर्ध्या मिनिटात गोंद सुटतो आणि लॅकरसकट चित्र मोकळं होऊन साईसारखं सरकायला लागतं. बाई ते दोन बोटांवर घेऊन मगवर ठेवायची, जागेवर आणायची आणि रबराच्या पट्टीनं मधून बाहेर असं दाबून खालचं पाणी काढायची. माझ्या शेजारची साठीची बाई रबर फिरवून झाला की मग प्रकाशाकडे तिरका धरायची. पाण्याचा एखादा थेंब आत राहिलेला तिला तसा दिसायचा. तो राहिला तर भट्टीत फुटतो आणि रंगात टाचणीएवढं भोक पडतं. पुढे भट्टी ८०० अंशांच्या आसपास. लॅकर जळून जातं, फ्रिट वितळतं, ग्लेझचा वरचा पदर जरासा मऊ होतो आणि दोघं एकमेकांना धरतात.

परत आल्यावर मी विजेची छोटी भट्टी घेतली. बोळातल्या आमच्या मीटरचा लोड वाढवून घ्यावा लागला, त्यालाच तीन आठवडे गेले. पहिल्या खेपेला अठ्ठेचाळीस मग लावले आणि तेवीस वाया घालवले. चूक सगळी माझी. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून मी वरचं झरोक्याचं झाकण सुरुवातीपासून बंद ठेवलं होतं. लॅकर जळतं तेव्हा त्याचा धूर बाहेर जायला हवा, आत पुरेशी हवा हवी. माझ्या मगांवर रंग राखाडी, मेल्यासारखे उतरले. आता ४०० अंशांपर्यंत झरोका उघडा असतो आणि मी तिथून हलत नाही. सकाळी भट्टी १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय दार उघडायचं नाही, हेही एक मग टचकन तडकल्यावर शिकले.

सगळ्यात अवघड गेला तो भगवा. प्रेसमध्ये मला जगातला कुठलाही रंग मिळत होता. भट्टी सांगेल तेच रंग मिळतात. कोबाल्टचा निळा खात्रीचा, क्रोमियमचा हिरवा खात्रीचा. झगझगीत लाल आणि केशरी यांना कॅडमियम आणि सेलेनियम लागतं, ते रंग तापमानाला फार नाजूक, दुसऱ्या रंगांशी जमत नाहीत, आणि कॅडमियम म्हटलं की पिण्याच्या भांड्याबाबत दहा वेळा विचार करायला हवा. मी संस्थेत जाऊन काकांसमोर दोन मग ठेवले.

"काका, तुमचा भगवा मला भट्टीत नीट देता येणार नाही. हा लोहाच्या ऑक्साइडचा आहे. जरा तांबूस आहे, पण टिकतो."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मग डोळ्यांजवळ धरला. "हा तर गेरू आहे."

"हो, गेरूच आहे."

"आपली तुळशीवृंदावनं गेरूनंच रंगवायचो आपण," असं म्हणून ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कार्यकारिणीत मी सांगतो. तू कर."

जे लोक अजून सब्लिमेशनच बरं म्हणतात त्यांचा एक मुद्दा मी मान्य करते. भट्टीच्या रंगांत धातू असतात आणि ते निष्काळजीपणे वापरले तर शिसं आणि कॅडमियम पिण्यात उतरू शकतं. म्हणून शिसंविरहित रंगांचेच डिकल घ्यायचे, ओठ लागतात त्या काठापासून २० मिलीमीटरपर्यंत काही छापायचं नाही आणि मोठ्या कामाआधी दोन मग प्रयोगशाळेत पाठवायचे. तिथे चार टक्के अॅसिटिक आम्लात ते चोवीस तास ठेवून किती धातू उतरला ते मोजतात. घरोघरी लिंबाचा चहा पितात, आमसुलाचं सार मगमधून पितात, तेव्हा ही तपासणी टाळायची गोष्ट नाही. याचा खर्च मी बिलात वेगळा दाखवते आणि तो का आहे ते सांगते.

भट्टीतला रंगही अमर नाही, हेही सांगते. ग्लेझवरचा डिकल भांडी धुण्याच्या यंत्रातल्या तिखट साबणाला वर्षानुवर्षं तोंड देऊन हळूहळू फिका होतोच. त्याहून पक्कं हवं तर रंग ग्लेझच्या आत बुडवावा लागतो, त्याला १२०० अंशांच्या पुढची भट्टी लागते, ती माझ्याकडे नाही. मोठ्या हॉटेलची भांडी करायची असतील तर मी खुर्जाचा पत्ता देते. सब्लिमेशनही मी बंद केलेलं नाही. आजोबांच्या पंच्याहत्तरीला नातवंडांना फोटोचा एक मग हवा असतो, तो उद्याच हवा असतो आणि कपाटातच राहणार असतो. त्याला प्रेससारखं दुसरं काही नाही. मी फक्त आधी विचारते, की हा मग कोण धुणार आहे, कशानं आणि दिवसातून किती वेळा. पुष्कळ जणांना हा प्रश्न विचित्र वाटतो. खरेदी विभागातल्या तरुण मुलांना तर उत्तर माहीतच नसतं. मी म्हणते, विचारून या, मग भाव सांगते.

मधे पुण्याला बहिणीकडे गेले होते तेव्हा डेक्कन कॉलेजचं संग्रहालय पाहिलं. आमच्या महेश्वरासमोर, नर्मदेच्या पलीकडच्या काठावर नावडाटोली आहे. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात तिथे खणून साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आणली. तिथली खापरं काचेमागे ठेवलेली आहेत, तांबूस मातीवर काळसर रंगाच्या रेघा, त्रिकोण, चौकटी. भाजण्याआधी लावलेला खनिज रंग. एका खापरावर रेघ ओढताना कुंचला जरा थबकलाय आणि तिथे रंगाचा ठिपका जाड झालाय. तो ठिपका अजून आहे. जी माणसं ते भांडं वापरत होती, धूत होती, त्यांच्या हातची एवढीच खूण, आणि ती आमच्याच माळव्या-निमाडातली. मी तिथे उभी राहून रडले, हे बहिणीला सांगितलं नाही.

संस्थेचे तीनशे मग मी माझ्या खर्चानं पुन्हा करून दिले. काका नको म्हणत होते. पण ते छापायला घेण्याआधी गेरूच्या वर्तुळाचा एक मग मावशींकडे दिला आणि सांगितलं, हा रोजच्या कपांत टाका, जसे बाकीचे घासता तसाच घासा, जास्त नको, कमी नको. महिन्यानं गेले. मावशींनी पालथ्या कपांमधून नेमका तोच काढला. पदराला पुसला, खिडकीच्या उजेडात धरला आणि अंगठ्यानं वर्तुळावर एकदा जोर देऊन घासलं. मग काही न बोलता त्यातच चहा ओतला आणि माझ्यापुढे ठेवला.